भुरीची हाक

माळावरच्या मेंढ्या मनातलं बोलून दाखवत, त्या काळची ही गोष्ट. संध्याकाळी कळप चरून आला की धनगर कुंपणातली कोकरं सोडायचा आणि प्रत्येक मेंढी हुंगून आपलंच कोकरू पाजायची. रंग, तोंडवळा कुणी बघत नसे. वास सांगेल तेच खरं.

कळपातल्या भुरी मेंढीला मध्येच ताप भरला. उतरल्यावर ती पहिल्यांदा चरून आली, तेव्हा एक कोकरू धावत येऊन तिच्या कासेला लागलं. तिने त्याला हुंगलं आणि लाथ मारली.

"हे माझं नाही. याला माझ्या लेकराचा वास नाही."

दुसऱ्या दिवशीही तेच. भुरीची कास दुधाने ठणकत होती, पण आपलं कोकरू कुणीतरी पळवलं म्हणत ती कळपभर फिरत राहिली. इकडे त्या कोकराचे पाय लटपटू लागले.

शेवटी लाखी या म्हाताऱ्या मेंढीने तिला उग्र वासाच्या घाणेरीच्या झुडपापाशी नेलं. "हा पाला हुंग, भुरे. कसला वास येतो?"

भुरीने हुंगलं. पुन्हा हुंगलं. "कसलाच नाही. वाळलाय वाटतं."

"हिरवागार आहे, बाई. ताप गेला तो तुझं नाक घेऊन गेला."

भुरीने मान वर करून आपल्या कोकराला हाक दिली. शंभर कोकरं आपापल्या आयांना लुचत होती, त्यांतल्या एकानेही मान वळवली नाही. लाथा खाऊन कुंपणाशी पडलेलं ते एक मात्र धडपडत उठलं.