बापूसाहेबांचा अडॅप्टर

भजनाची वेळ झाली, बाया टाळ घेऊन बसल्या, आणि हरबाच्या साउंड मिक्सरचा अडॅप्टर जळाला. मिक्सर जुना, तसला आता कुठं मिळत नाही. तो गेला तर हरबाचा धंदाच बसणार.

भजनी मंडळाचे अध्यक्ष बापूसाहेब मिशीला पीळ देत घरून एक अडॅप्टर घेऊन आले. पिन मिक्सरच्या भोकात अशी चपखल बसली की काय सांगू!

"बघ! जावयानं दुबईहून आणलाय. दाब बटण."

"बापूसाहेब, मिक्सरला बारा व्होल्ट लागतात. हा चोवीसचा आहे, मिक्सर जळेल."

"पिन बसली ना? मग झालं! मला शिकवतोस?"

बापूसाहेबांपुढं बोलणार कोण? हरबानं बटणाकडं हात नेला. तेवढ्यात टाळ खाली ठेवून वेणूकाकू उठल्या. त्यांनी बापूसाहेबांचा चष्मा अलगद काढला आणि आपला जाड भिंगांचा चष्मा त्यांच्या नाकावर चढवला.

"कसा बसलाय?"

"बसलाय झकास, पण..."

"मग वाचा तुमचं भाषण!"

बापूसाहेबांनी खिशातला भाषणाचा कागद जवळ धरला, लांब धरला, उलटासुद्धा धरला. "अहो काकू, डोळे जातील माझे!"

"नाकावर बसला ना? मग झालं!"

बाया पदरात तोंड घालून हसल्या. शेवटी बापूसाहेबही हसले, आणि स्वतः गाडी काढून तालुक्याहून बाराचा अडॅप्टर घेऊन आले.

आता काकूंचा सूर कधीच लागत नाही, हे अख्ख्या गावाला ठाऊक. हरबा एरवी त्यांचा माईक हळूच बारीक करायचा. त्या दिवशी मात्र त्यानं तो सगळ्यांत मोठा ठेवला, आणि हात जोडून शेवटपर्यंत ऐकत बसला.