न हलणारा बोल्ट

खाडी जिथे समुद्राला मिळते, तिथे एकदा एक वृद्ध मेस्त्री मच्छीमारी होड्यांची इंजिने दुरुस्त करीत असे. पुढे दिवस पालटले. किनाऱ्यावर पर्यटक आले आणि त्यांच्यामागून लाटांवर उड्या घेत धावणाऱ्या वॉटर स्कूटर आल्या. मेस्त्रीने तक्रार न करता त्यांचीही इंजिने शिकून घेतली. त्याच्या हाताखाली एक शिष्य होता. तिशी ओलांडलेला, कामाला चोख, आणि त्या चोखपणाचा थोडा अभिमान बाळगणारा.

गावातल्या एका व्यापाऱ्याकडे अशा तीन स्कूटर होत्या. त्यांतली एक त्याच्या मुलीची. बेटाला वळसा घालून परतण्याच्या शर्यतीत ती उतरणार होती, म्हणून शिष्याने त्या स्कूटरच्या इंजिनात फेरफार करून ते अधिक जोरकस केले होते. सिलिंडरवरचे झाकण, ज्याला हेड म्हणतात, ते घासून बारीक केले की आतला दाब वाढतो; पण मग हेडला दाबून धरणाऱ्या बोल्टांवरचा भारही वाढतो. व्यापारी म्हणाला होता, "हे काम नीट उतरलं, तर माझ्या सगळ्या गाड्या आणि त्यांची शेड तुझ्या हवाली." स्वतःचे म्हणता येईल असे काम शिष्याला आयुष्यात प्रथमच समोर दिसत होते.

इंजिन एकदा चालवून, पूर्ण थंड होऊ दिल्यावर हेडचे बोल्ट पुन्हा तपासायचे असतात. व्यापारी त्या दिवशी मुद्दाम ते पाहायला आला. शिष्याने टॉर्क पाना घेतला. ठरवलेला ताण आला की हा पाना 'टक्' असा आवाज करतो. मधल्या बोल्टांपासून सुरुवात करून, एक या बाजूचा, एक त्या बाजूचा, असे करीत शिष्य बाहेरच्या बोल्टांपर्यंत आला. एकही बोल्ट जागचा हलला नाही, आणि प्रत्येक वेळी 'टक्' ऐकू आले.

"सगळे पक्के," शिष्य म्हणाला.

मेस्त्री पुढे आला. त्याने पांढऱ्या पेन्सिलीने प्रत्येक बोल्टाच्या माथ्यावरून खाली हेडवर उतरणारी एकेक रेघ ओढली. मग पहिला बोल्ट सैल केला आणि चक्क बाहेर काढला.

शिष्याचे कान तापले.

"काय वो मेस्त्री," व्यापारी हसत म्हणाला, "शिकवताय की जिरवताय? आवळायला एक माणूस आणि सैल करायला दुसरा, असे दोन पोसू काय मी?"

"बसा शेठ. चहा सांगितलाय."

मेस्त्रीने बोल्ट पुसला, भोक साफ केले, आट्यांना तेलाचे बोट लावले आणि बोल्ट पुन्हा आवळला. 'टक्' झाले तेव्हा रेघ रेघेला मिळालेली होती. दुसरा काढला; तोही तसाच जागेवर आला. आता तरी म्हातारा थांबेल, असे शिष्याला वाटले. म्हातारा थांबला नाही. "लाटा नंतर मोज. इकडे बघ," एवढेच तो म्हणाला, कारण शिष्य समुद्राकडे तोंड करून उभा होता.

कोपऱ्यातला बोल्ट निघताना करकरला. त्याच्या आट्यांत दगडासारखे घट्ट झालेले मीठ बसले होते. हे इंजिन पूर्वी समुद्रात खूप चाललेले. मीठ त्या भोकात राहून गेले होते. शिष्याने बोल्ट धुतले होते, भोकात मात्र डोकावून पाहिले नव्हते. मेस्त्रीने ते भोक खरवडून साफ केले, तेल लावले आणि पाना शिष्याच्या हाती दिला.

शिष्य आवळू लागला. बोल्टावरची रेघ हेडवरच्या रेघेला जुळली आणि पुढे निघून गेली, पाना गप्प. आणखी फिरवला, तरी गप्प. 'टक्' ऐकू आले, तेव्हा रेघेचे तोंड भलतीकडेच वळले होते.

हे आज कळले नसते, तर शर्यतीत बेटाच्या पलीकडे, जिथून किनारा दिसत नाही, तिथे याच कोपऱ्यातून दाब निसटला असता, आणि बंद पडलेल्या इंजिनावर ती पोरगी एकटी बसली असती.

"म्हणजे मघाशी पाना खोटं बोलला?" त्याने हळू आवाजात विचारले.

"पाना कशाला खोटं बोलेल?" मेस्त्री म्हणाला. "बोल्ट फिरायला तयार नाही, एवढंच त्याला कळतं. का तयार नाही, ते कळत नाही. एक बोल्ट हेडला घट्ट धरून असतो म्हणून हलत नाही, दुसरा मिठात रुतलेला असतो म्हणून हलत नाही. आवाज दोघांचा सारखाच. माणसांचंही असंच आहे रे. न हलणारा प्रत्येक जण खंबीर असतो असं नाही. कोणी नुसता अडकलेला असतो. थोडं सैल करून पाहिल्याशिवाय कोण कसा, ते समजत नाही."

"आणि जे पक्के होते, ते उगाचच काढलेत की," व्यापारी म्हणाला.

"ते मघाशीही पक्के होते, शेठ. आता आपल्याला ते ठाऊक झालं."

व्यापाऱ्याने चहाचा पेला खाली ठेवला आणि तो शिष्याकडे वळला. "माझ्या बाकीच्या दोन गाड्यांची हेडं तूच बसवलीस ना? ती तरी बरोबर आहेत?"

सकाळी हा प्रश्न आला असता, तर शिष्याने छातीवर हात ठेवून होकार दिला असता. आता उत्तराबरोबर शेडही हातची जाणार, हे त्याला दिसत होते. तरी तो म्हणाला, "माहीत नाही, शेठ. उघडून बघतो, मग सांगतो."

 व्यापारी उठून चपला घालत म्हणाला, "उद्या शेडवर ये. तिथेच उघड. शेडची किल्लीही मग तुझ्याकडेच राहू दे. रोज उठून मी कुठे उघडायला येऊ?"

तो गेल्यावर शिष्य पाना पुसत बसला. पुसता पुसता म्हणाला, "मेस्त्री, शेठसमोर सैल करायला घेतलंत तेव्हा तुमचा फार राग आला होता. आता वाटतं, तुमचे उपकार झाले."

"मी सैल केलं नसतं, तर समुद्राने केलं असतं," मेस्त्री म्हणाला. "आणि त्याला परत आवळता येत नाही."

ज्याचे काम कोणी आपुलकीने उघडून पाहते, त्याने त्या क्षणी रागवावे, हरकत नाही. पण मागाहून आठवणीने नमस्कार करावा.