वालाच्या दाण्यातल्या दोघी बहिणी

फार पूर्वी वालाच्या एका दाण्यात ओवणी आणि सांधणी या दोन एन्झाइम बहिणी राहत. ओवणी डीएनएची जुनी माळ पाहून तशीच नवी ओवायची. सांधणी मागून तपासत यायची.

एकदा मातीतली ओल सुकू लागली, तशी ओवणी घाईने मणी लावत सुटली.

"अगं, एक मणी जुन्या माळेशी जुळत नाही," सांधणी म्हणाली.

"एका मण्याने काय बिघडतंय? ओल संपली तर कोंबच फुटणार नाही."

"पुढची प्रत्येक माळ हीच पाहून ओवली जाईल. तू पुढे हो, तेवढा मी बदलते."

ओवणी ओशाळली. मग मणी लावला की ती स्वतःच वळून पाहू लागली, चुकलेला लगेच काढू लागली.

ओल संपायच्या आत माळ पुरी झाली. कोंब मातीतून वर आला आणि त्याची पानं हुबेहूब आईवेलीसारखी उलगडली.