पोशीबायची पालथी पाटी

खाडीच्या तोंडाशी तो गोल काळा खडक दिसतो ना, त्याला आम्ही पालथी म्हणतो. बोर्डावर ‘कासव पॉइंट’ लिहिलंय, ते हॉटेलवाल्यांचं काम. कासवाशी त्याचा काडीचा संबंध नाही. चप्पल घालून त्यावर चढू नका, ती एका बाईची पाटी आहे. मी चाळीस वर्षं डोक्यावर पाटी घेऊन मासळी विकली. ऐकायचंच तर माझ्याकडून नीट ऐका.

फार जुनी गोष्ट. इथे हिरू नाखवा नावाचा होडीवाला होता म्हणे. त्या साली समुद्रात मासळी कमी मिळाली, म्हणून त्याने आषाढात खाडीचं तोंडच जाळ्याने बंद केलं. जाळं इतकं बारीक विणीचं की करंगळी जाणार नाही. आषाढात मासळी अंडी घालायला खाडीत शिरते, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. नाखव्यालाही होतं. ठाऊक असून केलं, याचाच मला संताप येतो. भुकेपोटी केलं असतं तर एक वेळ समजले असते. पण घरात तांदूळ होता, आढ्याला सुकी मासळी टांगलेली होती.

पहिल्याच ओहोटीला होड्या भरल्या. मासळी धरायची पुरुषांनी आणि विकायची बायकांनी, ही आमची रीत. नाखव्याची बायको पोशीबाय. तिने किनाऱ्यावर एक जिताडा चिरला, तर पोटातून ओंजळभर गाभोळी, म्हणजे अंडीच, निघाली. दुसरा चिरला, तेच. तिची लेक तेव्हा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, नववा महिना सरत आलेला. पोशीबायने कोयता खाली ठेवला, खाडीच्या तोंडाशी जाऊन वाळूत पाटी पालथी घातली आणि तिच्यावर बसली. नाखवा ओरडत आला, तेव्हा ती एवढंच म्हणाली, असं सांगतात:

“माजी पोर म्हायेरा आयलीय. तिला कोनी आपल्या दारान मारली त तुमी काय कराल? ही मासली पन म्हायेराच आयलीय.”

नाखवा हसला. स्वतःच पाटी उचलून बाजारात गेला, पण तिथल्या कोळणींनी त्याला बसायला वीतभर जागा दिली नाही. परत येऊन पाहतो तर गावातल्या सगळ्या बायका पाट्या पालथ्या घालून पोशीबायच्या मागे बसलेल्या. तीन दिवस मासळी वाळूत कुजत पडली. एवढे जीव गेले, कोणाच्या तोंडी घासभर लागले नाहीत, तरी त्या माणसाने जाळं काढलं नाही.

चौथ्या दिवशी अमावास्येची भरती. लेकीला कळा सुरू झाल्या, सुईणीचा निरोप आला. पाणी चढताना पाहून बाकीच्या बायका मागे सरल्या. पोशीबाय हलली नाही. पाणी तिच्या कमरेला लागलं होतं. आता मात्र नाखवा धावत आला, घरी चल म्हणून हात जोडू लागला. पोशीबाय म्हणाली, “आदी जालं कापा.”

तेव्हा कुठे त्याने कोयता उचलला. जाळं फाटलं, भरतीचा लोंढा आत घुसला आणि त्याच्याबरोबर मासळीही. इतकी, की म्हणे पाणी रुपेरी दिसत होतं. नाखवा वळून बघतो तर पोशीबाय नाही. पाणी ओसरल्यावर पाटी तेवढी सापडली, दगड झालेली. घरी लेक सुखरूप बाळंत झाली होती आणि आई कुठाय म्हणून विचारत होती. तिला काय उत्तर दिलं, ते कोणी सांगत नाही.

आजही आषाढ लागला की आम्ही बायका इथे येऊन खाडीची ओटी भरतो, पाट्या पालथ्या घालतो, आणि नारळी पुनवेपर्यंत आजवर एकीनेही पाटी उचललेली नाही. आमचे पुरुष मुकाट जाळी दुरुस्त करत बसतात. पण गेल्या वर्षी पावसाळी मासेमारीबंदीच्या दिवसांत एक बाहेरची बोट धक्क्याला लागली. आम्ही सत्तर जणी पाट्या पालथ्या घालून समोर बसलो. त्यांनी मासळी प्लास्टिकच्या क्रेटांत भरली, टेम्पोत चढवली आणि आमच्या अंगावर चिखल उडवत निघून गेले. त्यांना विकायला आम्ही लागतच नाही. खायला मात्र तुम्ही लागता. आता आषाढच चालू आहे. दुपारी जेवायला बसाल, तेव्हा गाभोळी मागू नका. आणि कोणी आपणहून वाढली, तर ताटावरून उठून या.