थर्मामीटरला मेमो

अधीक्षक डॉ. घोरपडे यांना आपल्या रुग्णालयात चूक झालेली खपत नसे. वॉर्डात चुका नोंदवायची वही होती. शेजारशेजारच्या खाटांवर शेलार आडनावाचे दोन पेशंट होते, आणि एकाचं इंजेक्शन दुसऱ्याला देता देता एक नर्स ऐनवेळी थांबली. तिने ते प्रामाणिकपणे वहीत लिहिलं. साहेबांनी तिच्या हातात मेमो ठेवला. त्या दिवसापासून वही कोरी राहिली.

सहा महिन्यांनी पुण्याहून तपासणीला एक अधिकारी बाई आल्या. साहेबांनी कोरी पानं फडफडवून दाखवली. "एकही चूक नाही मॅडम. शिस्त लागते त्याला."

बाई जवळच्या खाटेपाशी थांबल्या. पेशंटचं कपाळ चटका बसेल इतकं तापलं होतं आणि तक्त्यावर ताप नॉर्मल लिहिला होता.

"हे काय लिहिलंय?" साहेब वॉर्डच्या लोखंडे सिस्टरांवर कडाडले.

"औषध दिलंय साहेब," सिस्टर शांतपणे म्हणाल्या. "सकाळी थर्मामीटरने एकशे दोन दाखवला. तुमच्या पद्धतीप्रमाणे मी त्याला मेमो दिला. तेव्हापासून वॉर्डात कुणालाच ताप नाही."

बाईंनी कोरी वही मिटली आणि मेमोची फाईल मागवली.