नागूबाईचा हरभरा

संस्थानची फौज मोहिमेवर निघाली आणि घोड्यांना लागणाऱ्या हरभऱ्याचा भाव दुप्पट झाला. धान्याची मोठी व्यापारीण नागूबाई शेटे हिने आठवडाभर आधीच कोठारं भरली होती. तिने दरबारातली गुप्त बातमी चोरली, असा पेठेत बोभाटा झाला.

दिवाणांनी तिला कचेरीसमोर उभं केलं. कालपर्यंत ‘अक्का, अक्का’ करणारे आज ‘चोरटी’ म्हणून ओरडत होते. गुन्हा शाबीत झाला तर दुकान जप्त आणि गावातून हकालपट्टी!

“फौज निघणार हे तुला कुणी सांगितलं?” दिवाण गरजले.

“सांगते सरकार, पण आधी यांना एक विचारू द्या.” ती लोकांकडे वळली. “गेल्या पंधरवड्यात सरकारी पागेत रोज पहाटे घोड्यांना नाल ठोकत होते. त्या ठोक्यांनी कुणाकुणाची झोप मोडली?”

आधी सगळ्यांत मोठ्याने ओरडणाऱ्या गूळवाल्याने बिचकत हात वर केला. मागोमाग अख्ख्या पेठेचे हात वर झाले.

“सरकार, एवढे नाल लांबच्या मोहिमेआधीच ठोकतात. तुमची गुप्त बातमी या सगळ्यांनी ऐकली,” नागूबाई म्हणाली. “हे कूस बदलून झोपले, मी उठून बाजारात गेले.”