मान न वळवणारा उंदीर

"मग उंदराला दिसतं का?" बाईंनी विचारलं.

वैजनाथ अडखळला. भोरपर्यंतच्या वाटेत त्याने मनाशी बरीच उत्तरं घोळवली होती. त्यांत हे नव्हतं.

"पेशी जिवंत आहेत, बाई. सगळ्या."

"ते कळलं मला."

रिसबूड बाई ओट्यावरच्या बाकावर, धरणाच्या पाण्याकडे तोंड करून बसल्या होत्या. एके काळी त्यांच्या प्रयोगशाळेत वैजनाथ उंदरांचे पिंजरे साफ करण्यापासून सगळं शिकला. आता त्याची स्वतःची प्रयोगशाळा होती, हाताखाली माणसं होती, आणि बोलताना मान जराशी मागे टाकायची सवयही लागली होती.

विषय मात्र बाईंनी दिलेलाच. काचबिंदू. डोळ्यातला दाब वाढतो, आतल्या पडद्यातल्या चेतापेशी एकेक करून मरतात, आणि गेलेली नजर परत येत नाही. वैजनाथच्या औषधाने उंदरांच्या त्या पेशी मरायच्या थांबल्या होत्या. लवकरच तो परदेशातल्या मोठ्या सभेत हे सांगणार होता.

त्याआधी त्याला बाईंकडून दोन शब्द हवे होते. 'बरं केलंस.' एवढेच. ते त्यांनी त्याला आजवर दिले नव्हते, आणि साऱ्या जगाने पाठ थोपटली तरी त्याचं समाधान होत नव्हतं.

"पिंपात ठेवलास त्याला?" बाई म्हणाल्या.

ते पिंप बाईंच्याच वेळचं. आतून काळ्यापांढऱ्या उभ्या पट्ट्या, मधोमध उंदीर. पिंप फिरू लागलं की डोळस उंदीर पट्ट्यांबरोबर मान वळवतो. आंधळा आपला मिशा पुसत बसतो.

"ठेवला..."

"मग?"

"मान वळवत नाही."

"आणि तंतू?"

वैजनाथने घसा साफ केला. पडद्यातल्या प्रत्येक पेशीचा एक लांब तंतू डोळ्यातून निघून थेट मेंदूपर्यंत जातो, हे त्याला बाईंनीच शिकवलं होतं.

"तंतू गेले, बाई. पण पेशी वाचल्या, हेच केवढं मोठं आहे. तंतूंचं पुढे बघू."

"म्हणजे जिवंत आहेत," बाई म्हणाल्या, "पण कुणाला काही कळवू शकत नाहीत."

"तसं म्हटलं तर... हो."

धरणाचं पाणी उन्हात नुसतं पडून होतं. आजूबाजूला एकाही घरातून भांड्याचा आवाज येत नव्हता.

वैजनाथ आतून धुमसत होता. आल्या आल्याच बाईंनी त्याला दुखवलं होतं. फाटक उघडून तो बाकाच्या बाजूच्या पायवाटेने वर आला, अगदी हाताच्या अंतरावर उभा राहिला, तरी त्या पाण्याकडेच बघत राहिल्या. त्याने हाक मारली तेव्हा म्हणाल्या, "कोण?" इतक्या वर्षांनी शिष्य आला, तर कोण! त्याने तो घोट गिळला आणि पाया पडून त्यांच्या बाजूला बसला.

आता त्याने पिशवीतून चौकटीत बसवलेला फोटो काढला. उंदराच्या डोळ्याचा पडदा, काळ्यावर हिरवे ठिपके, प्रत्येक ठिपका म्हणजे वाचलेली पेशी. खाली बारीक अक्षरात बाईंचं नाव घातलं होतं. ते त्याने तीनतीनदा तपासलं होतं, पण हे तो कुणाला सांगणार नव्हता.

"हे तुमच्यासाठी आणलंय," म्हणून त्याने फोटो पुढे केला.

बाईंनी मान वळवली नाही.

तो हात तसाच धरून राहिला. बाई पाण्याकडे बघत होत्या. त्याचा हात अवघडला, आणि मग त्याला मनस्वी राग आला.

"बाई, नका म्हणू चांगलं. पण एकदा हातात तरी घ्या. मी इथे हात पुढे करून बसलोय."

"अरे, दे की," बाई म्हणाल्या आणि त्यांनी हात पुढे केला.

हात समोर गेला. सरळ, पाण्याच्या दिशेने. रिकाम्या हवेत बोटं उघडून तो फोटोची वाट बघत राहिला.

वैजनाथ त्या हाताकडे बघतच राहिला. मान वळवत नाही... आत्ताच तर त्याच्याच तोंडून हे शब्द निघाले होते.

तो उठला आणि बाईंच्या समोर गुडघ्यांवर बसला.

"माझ्या नाकाकडे बघा, बाई. बोटं दिसली की सांगा."

त्याने हात बाजूला लांब नेला आणि बोटं हलवत हळूहळू आत आणू लागला. हात खांद्यासमोर आला. कानासमोर आला. गालाजवळ आला... बाई त्याच्या नाकाकडे बघत होत्या.

"आता," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या बाजूलाही तेच. काचबिंदू आधी कडेचीच नजर खातो.

बाईंच्या जागी उंदीर असता तर वैजनाथने क्षणात ओळखलं असतं. बाईंशेजारी तो दुपारपासून बसला होता. त्याला स्वतःची लाज वाटली.

"काळं दिसतं का हो तिथे?"

आजवर हे त्याला कुणालाच विचारता आलं नव्हतं. त्याचे सगळे रोगी मुके होते.

"काळं?" बाई हसल्या. "काळं असतं तर वेळेवर कळलं नसतं का मला? तिथे काही नसतंच. बाजूच्या सुलभाताई येऊन उभ्या राहायच्या, हातात वाटी घेऊन. मी आपली पाणी बघत बसलेली. त्यांना वाटलं, बाईंना शिष्टपणा चढलाय... आता नाही येत त्या."

"मला कळवायचंत ना, बाई."

"फोन केला होता. पेशी मोजतोय म्हणालास. नंतर करतो म्हणालास."

तो फोन वैजनाथला आठवत होता. नंतर केल्याचं मात्र आठवत नव्हतं.

बाईंनी फोटो मागून घेतला. नाकाशी धरला आणि थोडा थोडा सरकवत शेताला पाणी पाजावं तशा सावकाशीने पूर्ण पाहिला. खालच्या बारीक अक्षरांपाशी येऊन त्या थांबल्या.

"बरं केलंस," त्या म्हणाल्या.

हेच ते दोन शब्द.

"आलास ते."

बाईंच्या समोर रडायचं म्हणजे भलतंच. तो उठला, तोंड फिरवलं, आणि चाचपडत बाकावर मघाच्याच जागी, त्यांच्या बाजूला जाऊन बसला.

"तिथे बसू नकोस, वैजनाथ," पाण्याकडे बघत बाई म्हणाल्या. "तिथे माझं कुणी नसतं."